माझ्या हयातीत कापलेले कान

मी, तुकाबाई नवसू करगळ, वय ६३, राहणार डिंगोरे, तालुका जुन्नर, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय वकिलांना सांगून लिहवून घेत आहे. मला यकृताचा कर्करोग आहे. डोके मात्र ठणठणीत आहे, हे माझ्या मुलाने विशेष ध्यानात घ्यावे.

१. आधी कारण. पुण्याच्या इस्पितळात माझ्या गाठीचा तुकडा काढून त्यातली रोगप्रतिकाराची जनुके तपासली. त्यावरून आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधतात. मी जास्त धोक्याच्या गटात निघाले. डॉक्टरांनी समजावले की हा माझ्यासारख्या पुष्कळ रोग्यांवरून काढलेला अंदाज आहे, मरणाची तारीख नाही. इम्युनोथेरपी, म्हणजे अंगातली प्रतिकारशक्ती जागी करणारे औषध, सलाईनमधून देऊन बघू, असेही ते म्हणाले. एवढे ऐकायला माझा मुलगा गोरक्ष थांबलाच नाही. धोका जास्त म्हटल्याबरोबर तो तडक गावी आला आणि माझ्या मेंढ्यांच्या कानांवर आपली खूण कापली.

आमच्या घरात मेंढ्यांचा धनी गेल्यावर, त्याचे दिवस उरकल्यावरच कळपाला नवी खूण होते. मी परतले तेव्हा मेंढ्यांच्या कानांवर रक्त सुकले होते. जाब विचारला तर म्हणाला, "आये, डाक्टरच म्हनला, धोका लई हाय. मागनं भांडनं नकोत म्हनून केलं." जिवंत आईला त्याने असे उरकून टाकले. हे मी विसरणार नाही, मेल्यावरही नाही.

२. सर्व मेंढ्या ओतूरला दिलेली माझी मुलगी वैजयंती हिला द्याव्यात. गोरक्षची खूण तिने मोडू नये. खूण भावाची आणि मेंढ्या तुझ्या कशा, असे बाजारात कोणी विचारले तर खरे ते सांगावे. दरवेळी सांगावे.

३. घर व जिरायत जमीन माझ्या स्वकष्टाची असून तीही वैजयंतीची. प्रत्येक सलाईनला तीच मला एसटीने पुण्याला नेते. गाठ सध्या थोडी आकसली आहे, तेव्हा गोरक्षने घाई करू नये.

४. पुतण्या भागू याने कान कापताना मेंढ्या धरल्या. त्याला माझी लोकरीची बोथट कातर द्यावी. धार त्याने स्वतः लावून घ्यावी.

५. गाठीचा उरलेला तुकडा संशोधनाला द्यावा. उद्या दुसऱ्या कोणा बाईचा अंदाज अधिक नेमका निघेल. तो सांगताना तिच्या पोराला मात्र दाराबाहेर बसवावे.

६. गोरक्षला माझ्या मालमत्तेतले काहीही मिळणार नाही. तरी एक गोष्ट त्याला माझ्याकडून आधीच मिळालेली असू शकते. मी दारूला कधी शिवले नाही. माझा कर्करोग जुन्या ब प्रकारच्या काविळीतून आला आणि तिचा विषाणू बाळंतपणात आईकडून लेकराला जाऊ शकतो. वैजयंतीचे रक्त तपासले, ती सुटली. गोरक्ष माझा फोन उचलत नाही. म्हणून या कलमासाठी माझ्या मरणाची वाट पाहू नये. वकिलांनी संपूर्ण मृत्युपत्राची नक्कल आजच त्याच्या हातात द्यावी. त्याने हवे तर शिव्या देत वाचावे, पण वाचून रक्त तपासून घ्यायला जावे. वेळेत कळले तर औषध आहे. माझा राग मी सोडलेला नाही, पण त्याला माझ्याआधी जाऊ देणार नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे.

सही : तुकाबाई नवसू करगळ

साक्षीदार :
१) डॉ. साधना रामनाथ डुंबरे, ओतूर (तुकाबाई पूर्ण शुद्धीत असल्याची मी खात्री केली आहे.)
२) जानकू सावळेराम केदार, डिंगोरे

ठिकाण : ओतूर
दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५