पश्चिमेकडच्या लोबमधला ठिपका

४ फेब्रुवारी
सापडला! माझ्या दीर्घिकेच्या पश्चिमेकडच्या लोबच्या टोकाला, रेडिओ नकाशात जिथं सगळ्यात तेजस्वी जागा, बरोबर तिथं — साध्या प्रकाशातल्या चित्रात एक फिकट ठिपका. सत्तर वर्षांपूर्वी काचेवर घेतलेल्या फोटोतही तो आहे. म्हणजे कॅमेऱ्याचा दोष नाही.

बाबांना सांगितलं. डॉक्टर 'आता काही आठवडेच' म्हणाल्यापासून पहिल्यांदाच आधाराशिवाय उठून बसले. "जुनं आणि नवं, दोन्ही मोठी छापून आण." आणली.

५ फेब्रुवारी
शेजारच्या हंसाबेन आल्या. "मास्तर, तमारी दीकरीए नवो तारो शोध्यो?"

"तारो नथी, बेन." मग बाबांनी स्वतःच्या दोन्ही बाजूंना उशा ठेवून समजावलं — मधे मी, दीर्घिका. या उशा म्हणजे तिचे लोब. रेडिओत दिसतात, डोळ्यांना तिथं नुसता काळोख. "त्या काळोखात हिला उजेड सापडलाय."

"तो पेंडा खवडावो!"

आईला लगेच पेढे आणायला पाठवलं. मी एकही पेढा खाल्ला नाही. मोजमाप राहिलंय. इतकी घाई का केली मी सांगायची?

९ फेब्रुवारी
मोजलं. तीनदा. आजूबाजूच्या ताऱ्यांपासूनची अंतरं दोन्ही चित्रांत सारखी येत नाहीत. ठिपका सरकलाय. इतक्या दूरचं काही सत्तर वर्षांत सरकलेलं दिसूच शकत नाही. म्हणजे हा आपल्याच आकाशगंगेतला तारा, मधे आलेला.

हंसाबेनचंच खरं.

१० फेब्रुवारी
नाही सांगितलं.

१३ फेब्रुवारी
चौथीपर्यंत मी शाळेत गेले नाही. कारेलीबागेतल्या याच खोलीत बाबांनी शिकवलं. नियम एकच — चूक आपणहून सांगितली तर गुळाचा खडा. त्यांनी पकडली तर काही नाही. रागही नाही. ते 'काही नाही' फार लागायचं.

माझ्या संशोधनाच्या मार्गदर्शक मॅडमना मेल केला: ठिपका रद्द, माझी चूक. दोन मिनिटं लागली. इथं सात पावलांवर पलंग आहे आणि पाय उचलत नाही.

आई म्हणते, "राहू दे गं नीरजा. सुखात आहेत."

सुखात आहेत, हे खरंच. हरिभाई दूधवाल्यालासुद्धा उशा दाखवून झाल्या.

१६ फेब्रुवारी
"काय म्हणतोय आपला ठिपका?"

"तपासतेय, बाबा."

"सावकाश तपास. मी थांबलोय."

माझ्याकडे बघत राहिले. मी औषधाची वेळ झाली म्हणून उठले. झाली नव्हती.

१९ फेब्रुवारी
आज सांगणारच होते. वाक्यही ठरवलं होतं. जवळ जाऊन बसले तर झोपलेले. उठवलं नाही. तासभर हात धरून बसले, मनात मात्र सुटल्यासारखं वाटलं. हेही लिहून ठेवते.

२१ फेब्रुवारी
बाबा पहाटे गेले.

२२ फेब्रुवारी
भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, तुझ्या शोधाचं फार कौतुक होतं त्यांना.

६ मार्च
पलंग काढताना गादीखाली माझी दोन्ही चित्रं मिळाली, घडी घातलेली. ठिपक्याभोवती पेन्सिलीचं वर्तुळ, पट्टीनं आखलेल्या रेघा, मिलिमीटर. खाली त्यांच्या अक्षरात तारीख — ६ फेब्रुवारी. माझ्या तीन दिवस आधी.

घडीच्या आत गुळाचा खडा.