पंचाने कुठे उभं राहावं

धुळे, मंगळवार

तीर्थस्वरूप पितांबर आबांना हितेंद्रचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

गुडघा कसा आहे? हायवेवरच्या त्या तेलवाल्याकडे परत जाऊ नका. त्याने माझा मुरगळलेला घोटा बरा करता करता दुसरा पायही बिघडवला होता. दुपारचं बाहेर पडू नका, ताकात थोडं मीठ घालून पीत जा. तुम्हाला फोन पुष्कळ केले. दर वेळी सूनबाई उचलतात आणि म्हणतात, आबा मळ्यात गेले. (सकाळी मळ्यात, भर उन्हात मळ्यात, जेवणाच्या वेळीही मळ्यात. या वयात एवढे कष्ट बरे नव्हेत.) म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. पत्र आलं की त्याला मळ्यात गेले असं सांगून परत पाठवता येत नाही.

रविवारी सोनगीरला कोकिळाअक्काच्या घरी तिच्या मेघाच्या संसाराची जी बैठक झाली, तिच्यात माझ्या हातून घोटाळा झाला. त्याची माफी मागायला हे पत्र. पण आबा, घोटाळ्याचं मूळ माझ्यात नाही, शब्दात आहे. मी शाळेत पोरांना स्केटिंग शिकवतो. दोन वर्षांपूर्वी लेहला जाऊन आइस हॉकीच्या पंचांचं शिबिर करून आलो आणि कागद घेऊन आलो, त्यावर माझं नाव आणि पंच असं छापलेलं. आपल्या भाऊबंदकीत पंच म्हटला की तो एकाच कामाचा : सतरंजीवर बसायचं, सुपारी कातरायची आणि कुणाच्या तरी संसाराचा निकाल लावायचा. मेघाच्या सासरच्या भडगावकरांनी हरकत घेतली होती, की हा तर मुलीचा सख्खा मामा, हा कसला पंच? तेव्हा तुम्हीच छातीवर हात ठेवून म्हणालात, ‘हाऊ पास व्हयेल पंच शे. बर्फवर पंचगिरी करी येल शे.’ जावई कुंदनचे वडील नवलनाना यावर गप्प झाले. बर्फाचं नाव काढल्यावर एप्रिलमध्ये आपल्याकडे कुणीही गप्प होतो.

मी तिकडे काय शिकलो हे मात्र कुणी विचारलं नाही, म्हणून आता सांगतो. आधी पडायला शिकलो. मग उठायला. अंगात दोन स्वेटर, त्यावर पंचाचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा (फोटो बघून अक्काने विचारलं होतं, सुटका कधी आहे), आणि नाकाच्या शेंड्याला काही जाणवत नाही अशी अवस्था. खेळ असा, की एक काळी रबरी चकती काठ्यांनी मारत गोलात घालायची. ती इतकी जोरात सुटते की मध्ये आलेला दात ती सोबत घेऊन जाते. त्यामुळे पंचाचं निम्मं शिक्षण नियमांचं नसतंच, उभं कुठे राहायचं याचं असतं. मधोमध उभं राहायचं नाही, तिथे तुम्ही अडचण होता. कडेच्या फळीला धरून राहायचं. खेळ गोलाजवळ गेला की आपण गोलरेषेवर कोपऱ्यात जायचं, म्हणजे चकती आणि गोल दोन्ही एका नजरेत येतात. खेळ आपल्याच कोपऱ्यात आला तर गोलाच्या मागून सटकून पलीकडे. पाठ कधीही फिरवायची नाही. दोन खेळाडू हातघाईवर आले, तर सोडवायला दुसरे असतात. मुख्य पंचाने लांब राहून कुणी काय केलं ते फक्त बघायचं आणि बघितलेलं सांगायचं. आणि चकती नजरेआड झाली की लगेच शिट्टी. ती कुणाच्या पायाखाली आहे, का गोलात गेली, असा अंदाज करायचा नाही. दिसत नाही ना? मग खेळ बंद.

तर आबा, मला बसायला येत नाही ते यामुळे. रविवारी तुम्ही सगळे बसलात आणि मी भिंतीला धरून उभा. तुम्ही थोरले पंच म्हणून ओसरीकडच्या खुर्चीत, नवलनाना खाटेवर, कुंदन त्यांच्या पायाशी मान खाली घालून (मान खाली घालण्यात त्या जावयाचा हात कुणी धरणार नाही), आणि मेघा दाराच्या चौकटीला टेकून. नवलनानांनी आवाज चढवला की मी सरकत अक्काच्या बाजूला जाई, अक्का रडायला लागली की पुन्हा खाटेमागे. दोनचार फेऱ्या झाल्यावर भडगावच्या एका पाहुण्याने मला हळूच परसातल्या संडासाची दिशा दाखवली. मी आभार मानले. शेवटी मला फ्रिजच्या बाजूचा कोपरा सापडला आणि वाटलं, ही जागा नामी. सगळे दिसताहेत, कुणाच्या मध्ये येत नाही.

मेघाला मारहाण होते का, एवढाच प्रश्न होता. ती होते म्हणत होती, तो नाही म्हणत होता. नवलनाना म्हणत होते, संसार म्हटला की भांड्याला भांडं लागतंच. मग जेवणाची वेळ झाली म्हणून बैठक थांबली. अक्का परसात चुलीवर बट्ट्या तळायला गेली, मेघा स्वयंपाकघरात ताटं घ्यायला गेली आणि मागोमाग कुंदन पाणी प्यायला. इथे मी शिट्टी मारायला हवी होती. भाची नजरेआड झाली होती, नवरा तिच्या मागे होता, आणि माझ्या नामी जागेवरून मला फ्रिज दिसत होता. फ्रिजवरचं गणपतीचं स्टिकरसुद्धा स्पष्ट दिसत होतं. मग आतून आवाज आला. मी धावलो तोवर कुंदन बाहेर येऊन मिशी पुसत होता. ‘ताट पडनं,’ तो म्हणाला. मागून मेघा तेच ताट घेऊन आली आणि वाढायला लागली. पदर तिने डाव्या कानावरून घट्ट ओढून घेतला होता.

मी विचारलं, आत काय झालं ते कुणी बघितलं का? सगळ्यांनी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत होता. ‘माले काही दिसनं नही,’ तुम्ही म्हणालात. झालं. पुरावा नाही, म्हणून मारहाण नाही, म्हणून मेघाने नांदायला जावं, आणि तेही आखाजीच्या आधी. आखाजीला आपल्या खानदेशातल्या पोरी माहेरी येतात, झोक्यावर बसून गाणी म्हणतात. आपण पंचांनी आपली पोर त्याच मुहूर्तावर उलटी रवाना करायचं ठरवलं. मग सगळे वरण-बट्टी जेवले. तूप कमी पडलं अशी नवलनानांची तक्रार होती, ती मात्र ताबडतोब मान्य झाली. मी न जेवता उठलो आणि निकालावर अंगठाही उठवला नाही, सहीही केली नाही. थोरामोठ्यांसमोर असं करणं शोभत नाही. त्याची क्षमा असावी. माझ्यासारख्या पोरसवदा माणसाने मोठ्यांच्या निकालात मोडता घालू नये हे मला समजतं.

काकींना नमस्कार. मळ्यात फार वेळ राहू नका.

तुमचा आज्ञाधारक,
हितेंद्र

ता. क. आज्ञाधारक सवयीने लिहिलं गेलं, खोडत नाही. मेघा माझ्याकडे धुळ्याला आहे. भडगावला जाणार नाही. काल कानाच्या डॉक्टरांना दाखवलं. डाव्या कानाचा पडदा फाटला आहे. ताट पडून फाटत नाही, असं डॉक्टर म्हणाले. कुंदन म्हणतो की तिचा कान लहानपणापासूनच अधू आहे आणि तसं सांगायला त्याने भडगावची चार माणसं उभी केली आहेत. उद्या आम्ही पोलिसांत तक्रार देतो आहोत. आमच्या बाजूने उभं राहायला कुणी नाही.

आणखी एक. पाहुणे गेल्यावर मी प्रत्येकाच्या जागेवर बसून बघितलं. अक्काला म्हटलं, तू ओट्याजवळ मेघासारखी उभी राहा. ती म्हणाली, ‘भाऊ, तुन्हं डोकं फिरनं का रे?’ पण उभी राहिली बिचारी, हातात ताट धरून. खाटेवरून भिंत दिसते. माझ्या कोपऱ्यातून फ्रिज. मग तुमच्या खुर्चीत बसलो. आबा, तिथून स्वयंपाकघराचं दार सरळ रेषेत येतं. ओटा दिसतो, माठ दिसतो, अक्काच्या हातातल्या बांगड्यासुद्धा दिसल्या. ‘आठून बठ्ठं दिसस,’ मी अक्काला ओरडून सांगितलं, तर ती खालीच बसली. मोतीबिंदू काढल्यापासून चष्मा तुम्हाला फक्त पेपर वाचायला लागतो. त्या वेळी तुमच्या हातात पेपर नव्हता. म्हणून खरं काम एवढंच : जबाब द्यायला चला. गुरुवारी सकाळी मी गाडी घेऊन येतो. मळ्यात असाल तर मळ्यात येतो.

शेवटचं. हे पत्र लिहू नको असं मेघा म्हणत होती. तिला विचारलं, का? म्हणाली, आबांना त्रास नको, त्यांना काही दिसलं का हे विचारायची गरजच नाही. तो मारत होता तेव्हा ती तुमच्याकडेच बघत होती.