अंतर : सहाशे चाळीस

ती. दादास,

धाकट्याचा दंडवत. वहिनींचा गुडघा आता कसा आहे? तुझा रक्तदाब विचारत नाही (हे पत्र वाचून तो वाढणारच आहे). आम्ही इथे बरे आहोत, म्हणजे जेवतो, झोपतो.

आप्पांच्या शेवटच्या दिवशी मी का आलो नाही हे तू विचारलं नाहीस, म्हणूनच सांगतो. मी कारखान्यात मोजणीच्या खोलीत असतो, बेअरिंगच्या गोळ्या मोजतो, हे तुला ठाऊक आहे. आमच्याकडे मिलिमीटर म्हणजे उधळपट्टी; एका मिलिमीटरचे हजार मायक्रॉन, आणि सगळा कारभार त्या मायक्रॉनमध्ये (तुझ्या डोक्यावर उरलेला एकेक केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असेल, जपून ठेव). आकड्यापुढे काही लिहिलं नसेल तर तो मायक्रॉनच धरायचा, अशी भिंतीवर पाटीच आहे. "आप्पा सारखं तुझं नाव घेतायत, नीघ," असा तुझा फोन आला आणि मी तिथल्या तिथे रजेचा अर्ज भरला. 'घराचे अंतर' या रकान्यात लिहिलं, ६४०. पुढे काही नाही. आमचे साहेब नियमाचे पक्के. त्यांनी खाली शेरा मारला, 'अंतर नऊ केसांइतके. रजेची गरज दिसत नाही.' सगळी खोली हसली. मीही हसलो रे, लाज वाटते सांगायला. सहाशे चाळीस किलोमीटर म्हणजे चौसष्ट हजार कोटी मायक्रॉन, हा हिशेब मी नंतर शांतपणे बसून केला. तोवर तुझा दुसरा फोन येऊन गेला होता.

आप्पांनी चौतीस वर्षं गणित शिकवलं. एकक न लिहिणाऱ्याचा अर्धा गुण कापला, त्यात घरच्यांनाही सोडलं नाही. आणि त्यांच्याच पोराने ही चूक करावी! दिव्याखाली अंधार, दुसरं काय. फार आठवण येते त्यांची.

तुझा,
धाकटा

ता. क. : त्यांची लाल पेन्सिल कुणाला देऊ नकोस. मला हवी आहे.

ता. क. २ : शेरा थट्टेचा होता. साहेबांनी पाच मिनिटांत अर्ज परत आणून दिला, म्हणाले, "अहो, पुढे किमी लिहा आणि पळा." अर्ज संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर होता, पेनही होतं. मला आप्पांना तसं बघवलं नसतं, दादा. त्यांनी माझं नाव किती वेळा घेतलं, तो आकडा मात्र कळवू नकोस.