घड्याळाची ओळ

१५ नोव्हेंबर ९४

बाळूची पोरगी आली, नांदेडच्या गाडीने. शुभा. ह्यांना म्हटलं स्टेशनवर जा, तर म्हणे काचीगुड्यातच राहतो, येईल की चालत. मीच गेले. एक बॅग, एक लोणच्याची बरणी, तीही गळकी. माझ्या साडीला तेल.

कंप्युटरचा कोर्स करायचाय. बाळू म्हणतो, अक्का, आता सगळं कंप्युटरवरच चालणार, तिला तुझ्यापाशी ठेव. ठेवते. पोटची नाही तर नाही, भावाची आहे.

ही डायरी ह्यांच्या ऑफिसातली, आतापर्यंत कोरी पडलेली. मी चौथी पास. चुकलं तर माझं मला.

२१ नोव्हें.

शु.ला नारायणगुड्याच्या क्लासला सोडायला गेले. एकटी पाठवणार नाही, रस्ते माहीत होईपर्यंत. तिथे तमाशा. चप्पल बाहेर, पडदे लावलेले, आत एसी. मशीनला थंडी लागते, माणसाचं काय व्हायचं ते होवो. सर आपल्या हैदराबादी बोलीत म्हणाले, "आप बी सीखते क्या अम्मा?" म्हटलं, नक्को, मी राखण करते. हसले. स्टुलावर बसू दिलं.

उद्यापासून शाल न्यायची.

२ डिसेंबर

मंडळाची मीटिंग. संक्रांतीच्या हळदीकुंकवातली प्रश्नांची स्पर्धा. मागच्या वर्षी आमच्या अध्यक्ष मालतीताईंनी डब्यातून चिठ्ठ्या काढल्या आणि त्यांच्या जावेला सगळे सोपे प्रश्न आले. चिठ्ठ्यांचे कोपरे दुमडलेले होते. मी तेव्हाच ओरडले होते. आजपण बोलले. म्हटलं, यंदा कुणाचा हात नको. माझी भाची मशीनवर प्रश्न बसवेल, मशीनच ठरवेल कुठला प्रश्न आधी. मशीन कुणाची जाऊ नाही.

मालतीताई म्हणाल्या, "छान. आमच्याकडे ह्यांच्या ऑफिसातला कंप्युटर आहे, तो आणू. पण जबाबदारी तुमची हं."

हौ, माझी. उभं राहून सांगितलं सगळ्यांसमोर.

खाली आल्यावर सरोज म्हणाली, मी नाव देते यंदा. सरोज म्हणजे खालच्या मजल्यावरची, शिवणाचं करते. लग्न होऊन दोघी एकाच वर्षी ह्या गावात आलो. मंडळात तिला नेहमी चहाला पाठवतात. जो कार्यक्रम असेल त्यात ही आत स्टोव्हपाशी. जिंकली तर वर्षभर पहिल्या खुर्चीत बसायचं, पाहुणीची ओटी तिने भरायची. आमच्या मंडळाची रीत आहे ती.

५ डिसें.

शु.ला सांगितलं. घाबरली. "आत्या, मला अजून नाव छापायला पण नीट येत नाही." म्हटलं, शिक मग. सर म्हणाले, हाच प्रोजेक्ट कर, सर्टिफिकेटला चालेल.

प्रश्न मी सांगते, ती मराठीच पण इंग्रजी अक्षरात टाकते. मशीनला मराठी अक्षर येत नाही म्हणे. मला इंग्रजी येत नाही. म्हणजे ती वाचणार, मी ऐकणार. प्रत्येक प्रश्नाला चार उत्तरं, खरं एकच.

खोटी उत्तरं शोधणं फार अवघड. खरं पटकन येतं. बिब्बा उतला तर काय लावायचं? खोबरं. बाकीचे तीन काय? शु. म्हणे, साखर टाकू का? हौली, वेडी कुठली! साखर कोण लावतं? खोटं पण खरं वाटलं पाहिजे.

१२ डिसें.

आज मशीनने मला परीक्षेला बसवलं. शु. वाचते, मी सांगते, ती बटण दाबते. सगळी बरोबर. मग लक्षात आलं की ती दर वेळी एकच दाबतेय. पहिलं. खरं उत्तर दर वेळी पहिल्या जागी टाकलंय, बाईसाहेबांनी! म्हटलं, अगं सरोजची मांजर पण जिंकेल. रडायला लागली. सरांनी मग खरं उत्तर कधी दुसरं, कधी चौथं यावं असं करायला शिकवलं. मी शेंगदाणे खाल्ले.

१४ डिसें.

नवीन भानगड. एकच प्रश्न तीनदा येतो. म्हटलं, हौजीचा नंबर एकदा काढला की परत पिशवीत टाकतात का? शु. टाईप करायला लागली. संध्याकाळपर्यंत झालं. निघताना म्हणाली, "आत्या, तू होतीस म्हणून."

बरं वाटलं. सांगितलं नाही.

१९ डिसें.

रोज तेच. मशीन सुरू केलं की पहिला मसाल्याचा प्रश्न, मग बोरन्हाण, मग बिब्बा, मग काष्टा. दुसऱ्या दिवशी परत मसाला, बोरन्हाण, बिब्बा, काष्टा. आरतीसारखं पाठ झालं. आज भडकले. ही काय उलटसुलट? ह्यापेक्षा मालतीताईंचा डबा बरा.

सर म्हणाले, मशीन एका ठरलेल्या जागेपासूनच सुरू करतं, अम्मा. त्याला सांगावं लागतं, घड्याळात बघ आणि तिथून सुरू कर. घड्याळ दर वेळी वेगळं, म्हणून प्रश्न वेगळे. एकच ओळ आहे.

शु.ने ती ओळ घातली. बंद केलं, सुरू केलं. काष्टा आला! परत केलं. सुगड. परत केलं, डोहाळे. मी टाळ्या वाजवल्या. बाजूची मुलं बघायला लागली. बघू दे.

२८ डिसें.

सरोज आली ब्लाऊज द्यायला. उगाच रेंगाळली. मग, "एक तरी सांग गं. एकच."

नाही म्हटलं.

"मी कुणाला सांगणार आहे?"

म्हटलं, तुला सांगितलं तर माझ्यात आणि त्या डबेवालीत काय फरक. गेली. दार जरा जोरात लावलं. ब्लाऊजचे हुक पण लावायचे राहिलेत. राहू दे.

१५ जाने. ९५

काल संक्रांत. सरोजने तिळगूळ दिला, बोलली जेवढ्यास तेवढं. पण घरी अभ्यास करते आहे, तिच्या नवऱ्याने सांगितलं. मशीनवर बसून सासूला फोन करून विचारते, कणीक कशी, ओटीत काय. शिवणाच्या मशीनवर.

शु. आज मालतीताईंकडे गेली होती. फ्लॉपी त्यांच्या कंप्युटरवर चालते का बघायला. दुपारी गेली ती दिवेलागणीला आली. म्हणे रेवतीवहिनींनी जेवायलाच ठेवून घेतलं. रेवती म्हणजे मालतीताईंची नवी सून, पुण्याची, इंग्रजीतून शिकलेली. तिनेही नाव दिलंय.

१९ जाने.

परत तिकडे. फ्लॉपी चालते म्हणाली होतीस ना? "प्रिंटर जोडायचाय आत्या." प्रिंटर कशाला ते कळलं नाही. विचारलं नाही.

२२ जाने.

आज झालं.

हॉलमध्ये कंप्युटर आणला, ऑटोत, रजईत गुंडाळून. पाच बायका खुर्चीत. सरोज शेवटच्या. नवी साडी, फॉल स्वतःच लावलेला. मी पुढे होऊन सांगितलं, ह्यात कुणाचा हात नाही, कुठला प्रश्न येईल ते माझ्या भाचीलाही माहीत नाही. टाळ्या. जी आधी हात वर करील तिने उत्तर द्यायचं.

शु.ने सुरू केलं. वाचलं. मसाला.

म्हटलं, असेल. येऊ शकतो पहिला.

मग बोरन्हाण.

मग बिब्बा. रेवतीचा हात वर, शु. अजून पर्यायांवर आलीच नव्हती. पुण्याच्या पोरीला बिब्बा माहीत! मागे बायका म्हणतात, बघा, हुशार आहे हो सून. मी मनात म्हटलं, काष्टा. शु.ने वाचलं, काष्टा.

शेवटपर्यंत तेच. सरोजने खूप उत्तरं दिली, जिथे रेवतीचा हात उशिरा आला तिथे. दुसरी आली. मालतीताईंनी माइकवर माझं नाव घेतलं. ह्यांच्यामुळे आपल्याकडे खरा न्याय झाला म्हणे.

शु. माझ्याकडे बघत नव्हती. वायरी गुंडाळत होती.

२३ जाने.

तिला उठवलं, क्लासला नेलं, फ्लॉपी घाल म्हटलं. सुरू कर. मसाला. बंद कर. सुरू कर. मसाला. परत. ती म्हणाली, "आत्या, बास."

म्हटलं, घड्याळाची ओळ कुठाय?

"तिकडच्या मशीनवर अडत होती, म्हणून काढली."

इथे नाही अडली ती?

एसीत पण घाम तिला. मग म्हणाली, रेवतीवहिनींना सासू रोज बोलते, कुंकू लावता येत नाही, पुरण येत नाही. एकदा तरी जिंकू दे म्हणाल्या. "मी उत्तरं नाही सांगितली आत्या. त्या नुसत्या खेळत होत्या, पुन्हा पुन्हा."

ओळ कुणी काढली?

"मी."

चालत आले घरी. ती मागे मागे. चप्पल तुटली माझी वाय.एम.सी.ए.च्या तिथे. तिने स्वतःची पुढे केली. घेतली नाही.

२५ जाने.

जेवण वाढते. बोलत नाही. मशीनला दोष द्यावा तर मशीनने केलं काय, जे सांगितलं ते. बिब्ब्याला साखर नको, खोटं पण खरं वाटलं पाहिजे, हे मीच शिकवलं तिला. चांगली शिकली.

२९ जाने.

सरोज वर आली. मी दारच उघडत नव्हते. म्हणाली, रागावू नकोस, त्या दिवशी मी विचारायला नको होतं. तू नाही म्हणालीस ते बरोबरच. "मला तर वाटलं होतं मागच्यासारखंच काहीतरी असेल. पण तू होतीस ना. मग म्हटलं, हरलो तर खरे हरलो." हुक लावून गेली. माझ्याच ब्लाऊजचे. माझ्याच घरात बसून.

शु. आत होती. ऐकलं तिने.

८ मार्च

फार दिवसांनी. लिहावंसं वाटत नव्हतं.

शु.ला नोकरी लागली. सिकंदराबादला, मालतीताईंच्या भावाच्या ऑफिसात, कंप्युटरवर. पेढे घेऊन आली, समोर ठेवले. म्हटलं, हे पण त्याच्याबद्दलच का?

"नाही आत्या. मालतीताईंनी आधीच विचारलं होतं."

आधी कधी?

"जानेवारीत, पंधरा तारखेला. पहिल्यांदा गेले तेव्हा."

म्हणजे ओळ काढायच्या आधी. मग रेवतीची दया आली, ती आधी की नोकरी आधी? चार पर्याय दे म्हटलं, एक निवड. ह्यांनी मला गप्प केलं.

रात्री बाळूचा फोन, एसटीडी बूथवरून, मागे हॉर्न. रडत होता आनंदाने. अक्का, तू नसतीस तर. दोन धाकट्या आहेत त्याला. काय सांगू? हो हो म्हटलं.

पेढा नाही खाल्ला. ह्यांनी खाल्ले.

२६ मार्च

मंडळात मालतीताई. चैत्रगौरीच्या ह.कु.ला परत तसंच ठेवू, प्रश्न नवे घाला. आणि तुम्ही त्या दिवशी बोललात तसं दोन शब्द बोला. रेवती पहिल्या खुर्चीत बसली होती. पाहुणीच्या ओटीत नारळ उलटा घातला. सरोजने येऊन हळूच सरळ केला आणि परत आत गेली, चहाकडे.

रेवतीने माझ्याकडे पाहिलं. लगेच खाली पाहिलं. तिलाही सुख नाही. पण तिच्या सुखाचं मी काय करू?

घरी शु. म्हणाली, ह्या वेळी ओळ घालते आत्या. शपथ. तू समोर बसून बघ.

बघेन. इंग्रजी येत नाही मला. दिसेल ते बघेन.

२ एप्रिल

सरोज संध्याकाळी आली. चहा ठेवला. नाव द्यायचंय म्हणाली, पण नवरा हसतो, परत हरायला जातेस का. "तू फक्त एकदा सांग, मशीन सरळ आहे. मागच्या वेळी होतं तसंच. मग मी बसते."

मी साखर ढवळत राहिले. साखर कधीच विरघळली होती.

तेवढ्यात शु. ऑफिसातून आली. दारात, एक चप्पल काढलेली, एक पायात. तिने ऐकलं होतं. सरोज म्हणाली, ये गं, तुझंच चाललंय.

बाळूचं तोंड डोळ्यासमोर आलं. बूथमधले हॉर्न आले. सरोजचा तो फॉल आला.

म्हटलं, शुभा, आत ये. दार लाव. मी नाही सांगत, तू सांग हिला. मागच्या वेळी मशीन सरळ होतं का?

सरोज हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून हसायची थांबली. कप खाली ठेवला.

शु.ने दार लावलं. दुसरी चप्पल तशीच पायात. सरोजकडे बघून म्हणाली, "नव्हतं. घड्याळाची ओळ मीच काढली होती."