अर्धं बॉनेट

१ एप्रिल, बुधवार
मनीषाने आज विचारलंच. "तात्या, तुमची गाडी द्या." सून मागते आहे, नाही कसं म्हणायचं? हो म्हणालो, आणि तेव्हापासून दोनदा जाऊन गाडी बघून आलो.
इथे नाशकात द्वारका चौकाजवळ तिचा गाळा पाडव्याला सुरू झाला. लोक येतात ते नुसते गाडी धुवायला. पॉलिशचं नाव काढलं की "बरी दिसते की" म्हणून चालते होतात. तिला गाळ्यासमोर उभी करायला नमुना पाहिजे. काळी गाडी, त्यात जुनी, त्यात माझ्यासारख्याने रोज सकाळी पुसलेली. म्हणते, असा नमुना शोधून सापडायचा नाही. हे कौतुक होतं की काय, कळलं नाही.

२ एप्रिल
झोप नीट नाही. सकाळी तिला विचारलं, "मशीनने रंग जळतो का गं?"
"एकाच जागी गरगर फिरणारं मशीन असतं, त्याने जळू शकतो. माझं फिरताना डोलतं. एका जागी थांबू दिलं नाही की काही होत नाही."
"आणि थांबलं तर?"
"तात्या!"
मग तिने बॉनेटवर बॅटरी मारून दाखवली. कोळ्याचं जाळं असावं तशा गोल गोल बारीक रेघा, सगळीकडे. मी म्हटलं, हे कोणी केलं? म्हणाली, "तुम्हीच. रोज कोरड्या फडक्याने."
म्हणजे अकरा वर्षं मी गाडी पुसत नव्हतो, घासत होतो. फडकी सौ.च्या जुन्या साड्यांची. तिने आतून ऐकलं. "माझ्या साड्यांना नावं ठेवू नका. साडी मऊच होती. धूळ तुमची."

५ एप्रिल, रविवार
वणीहून आप्पांचा फोन. थोरले भाऊ असले तरी फोनवर अजून वडिलांसारखेच बोलतात. त्यांच्या नातीचं, पूजाचं लग्न ता. २६ला. पाठवणी माझ्या गाडीतून, हे आधीपासूनच ठरलंय.
"गाडी चकाचक पाहिजे बरं का. मी दिली तेव्हा एक ओरखडा नव्हता तिच्यावर."
गाडी मूळ आप्पांचीच. मी रिटायर झालो तेव्हा त्यांच्याकडून घेतली. तेव्हापासून दर फोनला हे वाक्य.
मनीषाकडून शब्द घेतला. आता फक्त अर्धं बॉनेट करायचं, तेवढंच गाळ्यासमोर लोकांना दाखवायचं. वीस तारखेनंतर बाकीची सगळी गाडी. लग्नाला पूर्ण. ती म्हणाली, "शब्द, तात्या." तरी दोनदा विचारलं.

७ एप्रिल
आज गाडी गाळ्यावर नेली. आधी धुतली, मग चिकणमातीसारखा एक गोळा पाणी मारून सगळीकडे फिरवला. रंगात रुतलेली घाण त्याने निघते. गोळा काळा झाला. मला शरम वाटली.
मग एक छोटं मीटर. पत्र्याला टेकवलं की रंगाचा थर किती जाड ते सांगतं. पातळ असेल तिथे मशीन जपून चालवायचं. बॉनेट ठीक. छत ठीक. मागच्या डाव्या दारावर आकडा एकदम उडाला. तिने पुन्हा टेकवलं. पुन्हा तेच.
"तात्या, इथे लांबी भरलीय, खड्डा बुजवायची पुट्टी. जाड थर आहे. दार चांगलंच चेपलं असणार कधीतरी."
"माझ्याकडे आल्यापासून नाही."
माझ्या मुलाची, विलासची आज सुट्टी होती, तो हसत सुटला. "एक ओरखडा नव्हता म्हणे! खरंय, अख्खं दारच गेलं होतं." आपल्या सख्ख्या काकाबद्दल असं बोलतो. मी रागावलो. मग एकट्याने जाऊन दारावरून हात फिरवला. काही कळत नाही. रंगवणाऱ्याने काम चांगलं केलं होतं.
आप्पांना फोन करावा का? नको. लग्नघर आहे.

८ एप्रिल
झालं. अर्धं झालं.
बॉनेटच्या बरोबर मधोमध निळी टेप. कडांनाही टेप, तिथे रंग पातळ असतो म्हणे. मशीनला मऊ केसाळ कापडाचा गोल पॅड, त्यावर मलमासारख्या औषधाचे चार ठिपके. मी तोंडावर रुमाल धरून लांब उभा. मशीन सुरू झालं तेव्हा आणखी दोन पावलं मागे. मनीषा हळूहळू, आडवं एकदा, उभं एकदा, नांगरटीसारखं. मध्येच थांबून पॅड ब्रशने झाडते. नाहीतर निघालेला मळ त्यातच भरतो. शेवटी स्पंजचा पॅड लावून चमक काढली.
टेप काढली. आईशप्पथ. डावीकडे माझी रोजची गाडी आणि उजवीकडे काळं पाणी भरलेलं. त्यात वरची विजेची तार दिसली, तारेवरचा कावळाही दिसला.
सौ.ला फोन करून सांगितलं. म्हणाली, "मग तोंड बघून घ्या. किती दिवसांत दाढी नाही."

११ एप्रिल, शनिवार
गाळ्यासमोर गर्दी. सिग्नलला थांबलेले लोक मान वळवतात. रिक्षावाले विचारतात, "काका, अर्ध्यावर पैसे संपले का?" मी तिथे उभा राहून समजावतो. आधी डावीकडे बघा, आता इकडे बघा. हात नका लावू, नुसतं बघा. उन्हात उभं राहू नका असं डॉक्टर म्हणालेत, म्हणून छत्री नेतो.
एकाने विचारलं, यात कोटिंग कोणतं? मी म्हटलं कोटिंग नाही, आहे तोच रंग सपाट केलाय. आत मनीषा हसली. हे वाक्य तिचंच. सातवी नापास माणसाने पाठ केलं म्हणून काय झालं.
आज दोन गाड्या ठरल्या. पॉलिशला! पुढच्या आठवड्यात.

१५ एप्रिल
मनीषाने त्या दोन्ही गाड्या केल्या. दिवसभर वाकून पाठ धरली तिची. संध्याकाळी सगळे पॅड बादलीत टाकून ठेवले. म्हणाली, उद्या धुते. पोरीवर किती ताण. उद्या सकाळी लवकर उठून मीच धुवून टाकतो. तेवढाच हातभार.

१६ एप्रिल
लिहू नये असं वाटतं.
पहाटे उठून पॅड धुतले. मळ जाईना. म्हणून आपण मळकट चादरी धुतो तसं केलं. उकळतं पाणी, धुण्याचा सोडा, तासभर झाकून. मग दगडावर घेऊन मोगरीने बडवले. काळं पाणी निघालं तेव्हा बरं वाटलं. शेवटी सौ.चं ते कपड्यांना वास येणारं औषध टाकलं. गच्चीत दोरीवर कडक उन्हात.
मनीषा दुपारी वर आली. केसाळ पॅड वाळून काथ्याच्या पायपुसणीसारखे झालेले. स्पंजाचे तर मागचा चिकटपट्टीचा भाग सुटून वेगळे पडलेले, सोललेल्या संत्र्यासारखे. तिने एकेक उचलून उलटसुलट करून बघितला.
"गार पाणी, तात्या. थोडासा शाम्पू. बोटांनी. बस."
एवढंच बोलली. ओरडली असती तर बरं झालं असतं.
सौ.: "माझी मोगरी घेऊन गेले तेव्हाच म्हटलं, आज काहीतरी होणार."
बी.पी.ची गोळी घेतली. संध्याकाळची घेतली की दुपारची, आठवत नाही. सौ.ला विचारलं, तिने डबी लपवून ठेवली.

२० एप्रिल, सोमवार
मुंबईहून नवे पॅड मागवलेत. नाशकात या मापाचे नाहीत. मी स्वतः तीन दुकानं फिरलो. एकाने फरशी पुसायच्या मशीनचा पॅड दाखवला. रोज पार्सलवाल्याची वाट. आज आला, शेजारच्यांचं मिक्सरचं भांडं घेऊन.
आणि गाडी अर्धी. सहा दिवसांवर लग्न.

२४ एप्रिल, शुक्रवार
पार्सल नाही. मनीषा म्हणाली, हाताने घासून देते. तिला म्हटलं, नको, तीन दिवस तू हातच उचलू शकणार नाहीस. खरं म्हणजे वाटत होतं, करावं. पण नको म्हटलं.
विलास: "डाव्या बाजूवर फुलांची चादर टाकू."
सौ.: "बॉनेट झाकलं तर लोक म्हणतील, आत काय चेपलंय?"
दुसरी गाडी भाड्याने न्यावी का? सौ.ने डोळे मोठे केले. "पूजाने तुमची गाडी मागितलीय, भाड्याची नाही." बरोबर आहे. पण आप्पा. मांडवात सगळ्यांसमोर बोलणार. मला माहीत आहे ना, बासष्ट सालापासून ऐकतोय.

२५ एप्रिल
उद्या सकाळी निघायचं. हवा तपासली. पाणी, ऑईल तपासलं. विलासने पुन्हा तपासलं. मी पुन्हा. गाडी विलास चालवणार. झेंडूचे हार फक्त दोन्ही कडांना लावायचे, मधे नाही. हे माझं म्हणणं. लपवायचं नाही असं सौ.चं म्हणणं, म्हणजे एकमत झालं.

२७ एप्रिल, सोमवार
काल परत यायला उशीर, आज लिहितो. सगळं क्रमाने.
वणीत मांडवापुढे उतरलो तर आप्पा दारातच. फेटा, नवं धोतर. गाडीकडे बघून थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.
"काय रे, न्हाव्याला मधीच फोन आला का?"
मांडवात हशा. "अर्धी दाढी करून कोणी लग्नाला येतं का रे? मी दिली तव्हा एक ओरखडा नव्हता हिच्यावर..."
पॅड, सोडा, मोगरी, सगळं सांगायला तोंड उघडलं आणि सौ. पुढे झाली. पदर खोचून.
"आप्पा, बॉनेटचं राहू द्या. तेवढं मागच्या डाव्या दाराला टेकू नका. तिथं लय लांबी हाय. सूनबाईच्या मशीननी सांगितलंय."
आप्पांनी वळून त्या दाराकडे बघितलं. मी जमिनीत जायला तयार. मग त्यांचा चेहरा हलला आणि एकदम खो खो हसायला लागले. "बैल व्हता गं. बाजारातून सुटलेला. दारात शिंग घातलं त्यानी. याला सांगणारच व्हतो."
"अकरा वर्षं?" मी.
"तू कुठं विचारलं?"
पाठीवर थाप मारली. मोठ्याने मारतात, अजून दुखतंय. पण नंतर जेवताना माझ्या ताटात स्वतः जिलबी वाढली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.
पूजा तयार होऊन बाहेर आली तर नथ वाकडी. आरसा आत राहिलेला. ती सरळ गाडीपाशी गेली, उजव्या अर्ध्या बॉनेटवर वाकली, नथ नीट केली. मग तिच्या मैत्रिणी. टिकली, गजरा, पदर. रांगच लागली. फोटोवाला तिथेच बसला. डावीकडे कोणी फिरकेना, तिथे मी उभा.
पाठवणीला रडली. सासरी इगतपुरीपर्यंत विलासने सावकाश नेली. मी मागे, "सावकाश" म्हणायला. पूजा म्हणाली, "तात्या आजोबा, तुम्हीच जास्त रडताय." डोळ्यात धूळ गेली होती.
नवरदेवाचे मामा इगतपुरीचेच. गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या. त्यांच्याकडे पावसाने गाड्यांवर पाण्याचे पांढरे डाग धरतात, काही केल्या जात नाहीत. मला विचारलं, हे जातील का? मी म्हटलं, एका ठिकाणी आधी करून बघावं लागेल, सून बघेल. पत्ता लिहून घेतला. दोन गाड्या आणतो म्हणाले.

३० एप्रिल
पार्सल आलं. मऊ, सशासारखे. मी हात लावला नाही.
मग दुपारी एका गाडीवर वापरलेला त्यातलाच एक पॅड मनीषानेच संध्याकाळी हातात दिला आणि नळापाशी उभी राहिली. गार पाणी, थोडा शाम्पू, बोटांनी, पिळायचा नाही, दाबायचा. सावलीत वाळवायचा. बरोबर जमलं. तिने बघितलं, दुसरा दिला. म्हणजे हे काम आता माझं.

२ मे, शनिवार
सकाळी गाडी गाळ्यात घेतली. आज उरलेली करायची, शब्द दिल्याप्रमाणे. मनीषाने सगळ्या कडांना टेप लावली. मामांच्या गाड्या सोमवारी येणार आहेत, म्हणून आजच मोकळी होती.
बाहेर एक जोडपं आलं. "ती अर्धी गाडी कुठंय? बघायला आलो होतो." मी आत नेऊन दाखवली. आधी डावीकडे बघा, आता इकडे बघा. बाईंनी दोनदा बघितलं आणि आपली गाडी कधी आणू विचारलं.
ते गेले. मनीषा मशीन हातात घेऊन उभी. "तात्या, लावू?"
"थांब. आधी चहा."
चहा झाला. अकरा वर्षांनी गाडी पूर्ण काळी होणार, मलाही बघायची आहे. आप्पांना फोटो पाठवायचा आहे. पण मग लोक आले तर मी तिथे उभा राहून दाखवणार काय?
तिला म्हटलं, तुझं काय म्हणणं? म्हणाली, "गाळ्यासाठी अर्धीच बरी. शब्द दिला म्हणून पूर्ण. गाडी तुमची, तुम्ही सांगा." सौ.ला फोन केला. म्हणाली, "मला काय विचारता, मी मोगरी शोधतेय."
बाकावर बसून हे लिहितोय. मनीषा आत्ताच येऊन सांगून गेली, या उकाड्यात टेप जास्त वेळ राहिली तर तिचा चिकटा रंगावर बसतो.
म्हणजे आता ही नवीन काळजी.