अव्यवहार्य शाळा

चौसाळा, ता. जि. बीड
दि. १७ ऑगस्ट २०२५, रविवार

चि. हरिओम यास,

इकडे सर्व ठीक. अण्णांचा गुडघा पावसाने धरलाय, पण काठी घ्या म्हटलं की चिडतात. सोयाबीन पिवळं पडायला लागलंय. तुझं पुस्तक गेल्या आठवड्यात कुरिअरने पोचलं. ‘चार देश, चार शाळा’. कागद फार चांगला वापरलाय.

प्रकाशनाला पुण्याला ये, पहिल्या रांगेत तुझी खुर्ची राखतो, असं तू फोनवर म्हणालास. मी येणार नाही. फोनवर तू बोलतोस आणि मी हूं हूं करते, म्हणून लिहायला बसले.

पुस्तक सगळं वाचलं. फिनलंडच्या शिक्षणाचं ध्येय समाधानी माणूस, जपानचं शिस्तीचा नागरिक, सिंगापूरचं कुशल कामगार. आणि आपलं? त्याला तू अर्धं पान दिलंस आणि लिहिलंस, ‘ध्येयाचा अभाव’. सरकारी समितीच्या दौऱ्यात नऊ दिवसांत तीन देश पाहून तुला त्यांची ध्येयं कळली. आमच्याकडे साधी गाय घ्यायची तरी माणूस दोन बाजार फिरतो.

पान एक्केचाळीसवर जपानची मुलं वर्ग झाडतायत, असा फोटो आहे. खाली ‘श्रमसंस्कार’. तू आमच्या माळवस्तीच्या शाळेत आलास त्या सकाळी सहावीतली शिवकन्या व्हरांडा झाडत होती. तेव्हा तू मला बाजूला घेऊन म्हणालास, “आक्का, मुलांकडून कामं करून घेतेस? कुणी फोटो काढला तर अडचणीत येशील.” विमानात बसलं की त्याच झाडूला संस्कार फुटतात.

शिवकन्या तुला आठवते का? मेंढपाळ सिदूची मुलगी. तू मुलांना फिनलंडची चित्रं दाखवलीस आणि काही विचारायचंय का म्हणालास, तेव्हा ती एकटी उठली. “सर, तिथल्या पोरींची लग्नं कवा होत्यात?” तू हसलास. “हा प्रश्न आपल्या विषयात येत नाही, बाळा.”

आता पान एकशे बारा. तिथे तक्ता आहे. पट सतरा, शिक्षक दोन, वर्ग सात, शेरा : अव्यवहार्य शाळा. नाव छापलेलं नाही, पण ती माझी शाळा आहे, कारण आकडे मीच दिले होते. आपल्या ओसरीवर, चहा पिता पिता, भावाला सांगावं तसे. त्या तक्त्याखाली तू लिहिलंस की फिनलंडनेही लहान शाळा बंद करून मोठ्या शाळांत मिळवल्या.

मिळवल्या, खरंय. मीही वाचलं. मला इंग्रजी येतं, हे तू विसरला असशील. तिथे शाळा पाच किलोमीटरच्या पलीकडे असली, किंवा रस्ता लेकराला धोक्याचा असला, तर नगरपालिका फुकट गाडी पाठवते. दोनशे चाळीस पानांत तुला त्या एका ओळीला जागा सापडली नाही. तुमच्या समितीने तेवढं कुलूप आणलं, गाडी तिकडेच राहिली.

गेल्या वर्षी जूनमध्ये माळवस्तीची शाळा बंद झाली. नवी शाळा चार किलोमीटरवर, मधे हायवे. सतरातली अकरा मुलं कुणाच्या ना कुणाच्या मोटारसायकलवर जाऊ लागली. सहा घरी बसली. त्यात पाच मुली. माझी नेमणूक त्याच नव्या शाळेत झाली होती. मी सिदूकडे तीनदा गेले.

“बाई, ट्रकं कशी पळत्यात बघता न्हवं? कुणाच्या भरवशावर धाडू?”

“सायकलीसाठी अर्ज करू.”

“करा की. अन् मी मेंढरं घिऊन चार महिने चाऱ्यामागं लांब गेल्यावर सायकलीमागं कोण पळंल? तुमी?”

शिवकन्या तेव्हापासून मेंढरांमागे जायला लागली. पुढे तिचं तिच्या घरच्यांनी बघितलं.

‘बघितलं’ म्हणजे लग्न केलं. या मे महिन्यात. वय तेरा.

तू म्हणशील, आक्का, याला मी काय करणार? थांब. माझं अजून सांगून झालेलं नाही, आणि ते लिहायला मला दोन दिवस लागलेत.

मी त्या लग्नात होते. अक्षता टाकल्या. बायांच्या पंगतीत बसून जेवले. बुंदी होती.

आणि मला आठ दिवस आधीपासून माहीत होतं. शिवकन्या स्वतः आली होती, दुपारची, अण्णा झोपलेले असताना. दारातच उभी राहिली. ये म्हटलं तरी आत आली नाही.

“बाई, तुमी शिकिवलेला पोरांच्या मदतीचा नंबर हाय न्हवं, धा अठ्ठ्याण्णव. मपल्याकडं फोन न्हाई. तुमी लावा की.”

“बघते,” म्हणाले.

“आजच लावा.”

“बघते म्हटलं ना. जा आता, ऊन आहे.”

ती गेली. मी फोन लावला नाही. सोयरीक सरपंच मोहनरावांनी जुळवली होती, आणि माझ्या बीडच्या बदलीसाठी शब्दही मोहनरावांनीच टाकला होता. त्या नव्या शाळेत त्या पाच मुलींची नावं हजेरीत गैरहजर म्हणून ओढत बसायचा मला कंटाळा आला होता, हरिओम. मला शहरातली शाळा हवी होती. जूनमध्ये बदलीचा आदेश आला. मी पेढे वाटले. तुलाही फोन केला होता, तू अभिनंदन म्हणालास.

जुलैत शिवकन्याची आई चतुराबाई बसस्टँडवर भेटली. तिला माझ्याकडून काहीच नको होतं, ती आपली सांगत राहिली. “पोरगी बोलतच न्हाई, बाई. माघारी आली तरी जेवती, झोपती, बोलत न्हाई. सासू म्हंती मुकी दिली का आमाला.” ज्या मुलीने तुला भर वर्गात प्रश्न विचारला, ती. मी बीडची बस सोडली आणि तिथेच उभं राहून तो नंबर फिरवला. दोन मिनिटांचं काम होतं.

मग माणसं आली, पंचनामे झाले. सिदूवर, सासऱ्यावर आणि मोहनरावांवर गुन्हा दाखल झाला. शिवकन्याला बीडला मुलींच्या बालगृहात ठेवलंय. वस्तीवर माझ्याशी कुणी बोलत नाही, आणि अण्णांकडेही माणसं यायची थांबली. चतुराबाईने मला रस्त्यात तोंडावर शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या.

गेल्या शनिवारी मी शिवकन्याला भेटायला गेले. वह्या नेल्या होत्या. तिने त्यांना हात लावला नाही. एकच बोलली.

“आता कशापायी आलात?”

मी वह्या तिथेच ठेवून निघून आले. बालगृहातल्या ताई सांगतात की ती सातवीत बसायला तयार आहे, पण शिकवायला मी येणार नाही ना, हे तिने आधी विचारून घेतलं.

माझा जबाब मी लिहून दिलाय. मला आठ दिवस आधी माहीत होतं, हेही त्यात लिहिलंय. वकिलाने ते वाक्य गाळायला सांगितलं होतं. गुरुवारी खात्याची चौकशी आहे. नोकरी राहील की जाईल, ठाऊक नाही. मुलगी शाळेतून का गळली, असा एक रकाना होता. तिथे मी तुझ्या पुस्तकाचं पान एकशे बारा जोडलंय. तुला बोलावणं आलं तर ये. पुण्यातल्या पहिल्या रांगेपेक्षा इथे जागा भरपूर आहे.

तुझ्या पुस्तकाचा मला वीट आला, तो तसाच आहे. पण त्यात खोटं एकही वाक्य नाही. मीही कुणाशी खोटं बोलले नव्हते. नुसतं ‘बघते’ म्हणाले होते. अण्णांनी आपल्या दोघांना शिकवलं, ते कशासाठी, हे तुझ्या चारही देशांत मला कुठे सापडलं नाही.

अण्णांना यातलं अर्धंच माहीत आहे. उरलेलं गुरुवारच्या आत मीच सांगेन. तू फोन करून सांगू नकोस.

थोरल्या बहिणीने शेवटी आशीर्वाद लिहायचा असतो. तो लिहायचा अधिकार मला आज वाटत नाही, म्हणून नुसती सही करते.

सत्यशीला