कान तुटलेला कप

प्रिय अण्णा,

माझ्या गाइड मॅडमचं लेक्चर बारा वाजता सुटतं. आत्ता सव्वाअकरा झालेत. त्यांच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसून हे लिहिते आहे. त्यांना जे सांगायचं आहे, ते आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं. तुम्ही असता तर दुकानात फोन केला असता आणि तुम्ही म्हणाला असता, "बोल की! हात गुतल्यात, कान मोकळं हाईत." आता तो फोन कोण उचलणार? म्हणून हा कागद.

अण्णा, माझी मोठी चूक झाली आहे. आणि ती तुमच्यामुळे झाली आहे! थांबा, सगळं ऐकून घ्या.

शाळेत नाव घालायच्या आधीच तुम्ही मला उचगावच्या आपल्या दुकानात शिकायला बसवलं होतंत. मिक्सरच्या खोक्यांवरची अक्षरं लावत मी वाचायला शिकले. मशीन उघडलं की निघालेला प्रत्येक स्क्रू डब्याच्या झाकणात ओळीनं ठेवायचा आणि वहीत लिहायचं, पहिला लांब, दुसरा आखूड. "डोस्क्यावर भरवसा न्हाय ठेवायचा. ल्ह्यायचं," तुम्ही म्हणायचात. मी इतकं लिहायला आणि तपासायला लागले, की दुकानाचं कुलूप तीनतीनदा ओढून बघायची. तुम्हाला लेकीचं केवढं कौतुक! गिऱ्हाइकाला सांगायचात, "पावणं, दुरुस्त मी करतोय, पर पास करनार आमच्या तपासनीसबाई."

आणि तो कप. आईनं टाकायला काढलेला, कान तुटलेला चिनी मातीचा कप. दुरुस्त झालेला मायक्रोवेव्ह चालवून बघायचा तर तो कप पाण्यानं भरून आत ठेवायचा, मगच बटण दाबायचं. मी एकदा विचारलं, कशाला? तुम्ही स्क्रू ड्रायव्हर कानामागं खोचलात.

"रिकाम्या पोटी कुणाला कामाला लावू न्हाय, पोरी. मानसाला न्हाय, मशीनला बी न्हाय."

मला ते पटलं. पुढचं तुम्ही का नाही सांगितलंत? आत काही नसलं की लाटा परत फिरतात आणि मशीनलाच भाजतात, हे मला एम.एस्सी.च्या वर्गात कळलं. का तुम्हालाही तेवढंच माहीत होतं? विचारायचं राहूनच गेलं.

माझ्या संशोधनासाठी तुम्ही एक टाकून दिलेला ओव्हन नीट केलात आणि रिक्षातून मांडीवर धरून विद्यापीठात आणलात. आत तो कप होताच, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. प्रयोगशाळेच्या दारात आपलं बोलणं झालं, ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

"ह्यात काय शिजवनार?"

"उसाचा रस."

"मंजे काकवी?"

"नाही हो. निळा उजेड."

तुम्ही मॅडमकडे वळलात. "बरी हाय न्हवं ही?"

मॅडम किती हसल्या होत्या! मग मी तुम्हाला समजावलं. गाळलेल्या रसात एकदोन पदार्थ घालून ओव्हनमध्ये ठेवायचं. भट्टीवर बाहेरून तापवलं तर काही तास लागतात, इथं ऊब द्रवाच्या आतच तयार होते, म्हणून काम मिनिटांत होतं. रस तपकिरी होतो आणि त्यात कार्बनचे डोळ्याला न दिसणारे कण बनतात. जांभळ्या दिव्याखाली धरलं की ते निळे चमकतात. पिण्याच्या पाण्यात नको तो धातू असला तर ती चमक मंदावते, म्हणजे पाणी तपासता येतं.

"मला दाव की," तुम्ही म्हणालात.

आणि मी म्हटलं, "अजून भट्टीवरच करते, नीट येत नाही अण्णा. पुढच्या महिन्यात या. एकदम चांगला आला की दाखवते."

का म्हटलं मी तसं? भट्टीवरचा, फिकट का होईना, त्या दिवशीही तो निळाच होता! तुम्ही "बरं" म्हणालात, कप आत आहे याची खात्री केलीत आणि गेलात. पुढच्या महिन्यात तुम्ही दवाखान्यात होता, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात घरात आई आणि मी, दोघीच होतो.

उजेड नंतर फार सुंदर आला, अण्णा. त्यावरचा लेख छापूनही आला. रस किती, किती मिनिटं, बशीचा आकार केवढा, सगळं त्यात दिलं होतं.

गेल्या महिन्यात मॅडमनी तेजू नावाच्या मुलीला माझ्या हाताखाली दिलं. रोज मलकापूरहून एसटीनं येते, डब्यात माझ्यासाठी एक भाकरी जास्त आणते. तिला माझेच प्रयोग पुन्हा करून बघायचे होते. ओव्हन तोच, रस तोच, मिनिटं तीच. आणि दर वेळी काळा कोळसा! उजेडाचा पत्ता नाही.

तिनं मला विचारलं, "ताई, एकदा शेजारी उभ्या राहता का?" मी म्हटलं, "वहीत सगळं आहे. नीट वाच." असं तीन आठवडे चाललं. मॅडम सगळ्यांसमोर तिला म्हणाल्या, "तुझा हात ढिला आहे." मी तिथंच होते. तिची बाजू घेतली नाही. मला माझ्या वहीची खात्री होती ना! ती वही तुम्ही शिकवलेली.

काल दुपारी तिचे डोळे बघून मला राहवलं नाही. म्हटलं, चल, मी करून दाखवते. मी बशी ठेवली, कप भरून कोपऱ्यात ठेवला, दार लावलं. तेजू म्हणाली, "ताई, तुमचं पाणी आत राहिलं."

"कुठलं पाणी?"

"प्यायचं. तुम्ही रोज गरम करून विसरता की. इथं खायला-प्यायला बंदी आहे ना, मॅडमनी बघितलं तर तुम्हाला बोलतील. म्हणून मी रोज कप काढून कपाटात लपवत होते, आणि काम झालं की परत जागेवर ठेवत होते."

अण्णा, मी तिथल्या स्टुलावर बसले. मला वाचवायला तिनं तो कप लपवला होता, आणि त्या कपावाचून तिचा रस जळत होता! कपातलं पाणी आपल्या वाट्याची ऊब घेतं, म्हणून शेजारचा रस हळू तापतो. कप काढला की सगळा मारा त्या एवढ्याशा रसावर. आणि माझ्या वहीत कप नाही. चार वर्षांच्या एकाही पानावर नाही. स्क्रूचा आखूडपणा लिहिणारी मी, कप लिहायचं मला सुचलंच नाही. भात लावताना कुकरच्या तळाशी पाणी घातलं हे कोण लिहितं? ते घालायचंच असतं.

आज सकाळी लवकर येऊन दोनदा कपासकट आणि दोनदा कपाविना करून बघितलं. दोनदा निळा, दोनदा कोळसा.

शिवाय तो कप मी कधी मोजून भरलेला नाही. कधी काठोकाठ, कधी निम्मा. काही दिवशी उजेड फिकट यायचा, तेव्हा मी कसबा बावड्याच्या उसाला दोष दिला होता! म्हणजे सगळे प्रयोग पुन्हा करायचे. छापलेल्या लेखाची दुरुस्ती कळवायची. प्रबंध या वर्षी होत नाही.

खरं सांगू? काल वाटलं होतं, तेजूला नुसतं सांगावं, "कप राहू दे आत," आणि विषय मिटवावा. कुणाला कळणार होतं? ती तर एक शब्द बोलली नसती. मग तिला ढिल्या हाताची म्हणून तसंच राहू द्यायचं? घरी आईनं माझं ताट बघितलं, अर्धी भाकरी तशीच. म्हणाली, "काय हाय ते सांगून मोकळी हो. मी वळखतो तुला. सांगितल्याबिगर तुझ्या घशाखाली घास उतरायचा न्हाय." तिलाही तपासनीसबाई नीट ठाऊक आहे.

मॅडमचा आवाज जिन्यात ऐकू येतोय.  तुम्ही शेजारी असता तर म्हणाला असता, "उघाडलंयस न्हवं? मग जोड परत."

जोडते, अण्णा. आत गेल्यावर पहिलं वाक्य तेजूबद्दल बोलेन, की तिचा हात चांगला आहे. आणि हे सगळ्यांसमोर सांगा, असंही मॅडमना म्हणेन. दुसरं वाक्य कपाबद्दल. आज संध्याकाळी जो उजेड येईल तो फिकट असला तरी आईला इथं आणून दाखवेन, पुढच्या महिन्यावर ढकलणार नाही. उद्यापासून नवी वही. पहिल्या ओळीत लिहीन: कोपऱ्यात एक कप पाणी, मोजून. समोर कारणाचा रकाना असतो. तिथं तुमचंच वाक्य लिहीन, रिकाम्या पोटी कुणाला कामाला लावू नये. मॅडम ते खोडतील आणि शास्त्रीय कारण लिहायला सांगतील. तेही लिहीन, खाली.

तुमची तपासनीस,
अश्विनी